वाचकांचे प्रश्न : सह्याद्रीतल्या पर्यटनाला मर्यादा कोणी आणि कशी घालायची?

गेल्या काही महिन्यांत आलेली बरीचशी पत्रे एकाच चिंतेने लिहिलेली आहेत. कासची फुले, भंडारदऱ्याचे काजवे, वेळासची कासवे हे सारे पाहायला माणसे लांबून येतात. पण त्या गर्दीनेच ते नाहीसे होऊ नये यासाठी काय करायचे, असे ही पत्रे विचारतात. काही पत्रे पर्यटकांची आहेत, काही त्या गावांतल्या रहिवाशांची. दोन्ही बाजू एकाच अंकात याव्यात म्हणून त्यांतील पाच पत्रे निवडली आहेत. पत्रांचा मजकूर आवश्यक तेवढाच ठेवला आहे.

प्रश्न : सप्टेंबरात कुटुंबासह कास पठारावर जायचे ठरवले, तर शनिवार-रविवारचे आरक्षण आधीच संपलेले होते. शेवटी मधल्या वारी रजा काढून जावे लागले. दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा कशासाठी? फुले दरवर्षी आपोआप उगवतातच. शिवाय पूर्वी तेथे गुरे चरतच होती. मग आमच्याच पायांनी एवढे काय बिघडते?
— एक वाचक, पुणे

उत्तर : फुले आपोआप उगवत नाहीत, ती आदल्या वर्षी पडलेल्या बियांतून उगवतात. समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवरचे हे पठार म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा सडा आहे. त्यावर मातीचा थर बहुतेक ठिकाणी बोटभर असतो आणि बऱ्याच जागी तेवढाही नसतो. पावसाळ्यात हा कातळ पाण्याने निथळत असतो आणि उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो. मोठ्या झाडांना मुळे रोवायला जागाच नसल्यामुळे उगवणे, फुलणे, बी टाकणे आणि वाळून जाणे हे सगळे चार महिन्यांत उरकणाऱ्या लहान वनस्पतींनी ही जागा व्यापली आहे. सीतेची आसवे या नावाने ओळखली जाणारी इवलीशी जांभळी फुले घ्या. या वनस्पतीला खरी मुळे नसतात. कातळावरच्या पाणथळ मातीत नत्र फार कमी, म्हणून ती जमिनीखालच्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यातले बारीक जीव पकडून आपले पोषण करते. शेजारीच दवबिंदू ही वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरते. गेंदाची पांढरी गोल फुले, गुलाबी तेरडा आणि पिवळा कावळा यांचाही मुक्काम तेवढ्याच दिवसांचा असतो.

आता सप्टेंबरअखेरीस कोणी फुलांच्या ताटव्यात बसून छायाचित्र काढले, तर तेथे फक्त उमललेली फुले चिरडत नाहीत, तर पिकत आलेले बीही मातीत पडण्याआधीच नष्ट होते आणि पुढच्या वर्षी त्या जागी उगवायला काही उरत नाही. त्याहून वाईट म्हणजे दाबली गेलेली किंवा उखडलेली ती बोटभर माती पुढच्या पावसात धुपून जाते. गेलेली माती कातळावर पुन्हा साठायला माणसाचे आयुष्य पुरत नाही.

गुरांविषयीचा आपला मुद्दा मात्र खरा आहे. आजूबाजूच्या गावांची गुरे पठारावर पिढ्यान्‌पिढ्या चरत आली आणि फुलेही फुलत राहिली. गुरे विखरून चरतात, उंच वाढणारे गवत खाऊन लहान वनस्पतींना ऊन मिळवून देतात आणि त्यांचे शेणही तेथेच पडते. माणसे मात्र तीन-चार आठवड्यांतच येतात, त्यातही सुट्टीच्या दिवशी येतात आणि जेथे फुले सर्वांत दाट तेथेच उभी राहतात. मधल्या काळात पठाराला लोखंडी जाळीचे कुंपण घालण्यात आले होते. त्यामुळे गुरांची ये-जा थांबली, गवत माजले आणि बहर कमी झाला, अशी तक्रार स्थानिकांनी आणि काही अभ्यासकांनी केली. पुढे ती जाळी काढण्यात आली. माणसाचा वावर पूर्णपणे तोडणे म्हणजे संरक्षण, ही समजूत किती अपुरी आहे हे सांगायला याहून चांगले उदाहरण माझ्यापाशी नाही.

राहिला तीन हजारांचा आकडा. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत महाराष्ट्रातली कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार स्थळे होती, आणि त्यानंतर कासकडचा ओघ अफाट वाढला. आरक्षण, प्रवेशशुल्क आणि दिवसाची मर्यादा ही त्या लोंढ्याला घातलेली वेसण आहे. कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांच्या समितीमार्फत तेथले काम चालते आणि गावातली मुले-मुली पर्यटकांना वाटेवर ठेवण्याचे काम करतात. माझ्या मते या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. आखलेल्या वाटेवरून शिस्तीने चाललेली पाच माणसे वाट सोडणाऱ्या एकापेक्षा कमी नुकसान करतात; म्हणून तीन हजार की दोन हजार यापेक्षा वाटेवर लक्ष ठेवायला माणसे किती आहेत, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पठारामधून जाणारा सातारा–बामणोली रस्ता पलीकडच्या गावांचा रोजचा रस्ता असल्याने तो बंद करता येणार नाही. त्या रस्त्याच्या कडेला गाड्या लावून कोठूनही सड्यावर उतरणाऱ्यांना मात्र रोखता येते आणि रोखलेच पाहिजे. आपण मधल्या वारी गेलात ते पठाराच्या दृष्टीने उत्तम झाले.

प्रश्न : आमचे गाव अकोले तालुक्यात, अभयारण्याच्या हद्दीत आहे. मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजवे पाहायला पाहुणे येतात. आमच्या घरात राहण्या-जेवणाची सोय आहे आणि वर्षाची रोख मिळकत बरीचशी त्या तीन आठवड्यांतच होते. आता शहरातले लोक लिहितात की काजवा पर्यटन बंदच करा. आम्ही काय करावे?
— एक तरुण वाचक, अकोले तालुका, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्राला गोड बोलून उत्तर देणे योग्य होणार नाही, म्हणून आधी अडचण सांगतो. काजव्याची अंडी ओलसर मातीत असतात. अळी कित्येक महिने पालापाचोळ्यात राहते आणि गोगलगाईंची शिकार करून वाढते. पंख फुटलेला काजवा मात्र जेमतेम काही दिवस ते दोन-तीन आठवडे जगतो, आणि त्या दिवसांत त्याला एकच काम असते : जोडीदार शोधणे. हिरड्यावर, सादड्यावर, जांभळीवर शेकडो नर एका लयीत लुकलुकतात तो याच शोधाचा खेळ असतो, आणि माद्या बहुधा खाली झुडपांत किंवा गवतात बसून मंद प्रकाशाने त्याला उत्तर देतात. गाडीचा एक दिवा वळणावरून त्या झाडावर पडला की हा संवाद तुटतो. मोबाईलची बॅटरी लावून झाडाखाली गेलेला माणूस तर माद्या आणि अळ्या असतात नेमक्या त्याच पाचोळ्यावर चालत असतो. म्हणजे तुमचे कमाईचे तीन आठवडे हेच काजव्यांचे विणीचेही तीन आठवडे आहेत.

तरीही पर्यटन बंद करा, या मागणीशी मी सहमत नाही. ज्या झाडांवर काजवे येतात ती झाडे आज उभी आहेत, कारण तुमच्या भागातल्या लोकांनी ती राखली. हिरड्याचेच बघा. महादेव कोळी कुटुंबे बाळहिरडा गोळा करून विकतात, म्हणून हिरडा तोडला जात नाही. झाड उभे राहिले की काजव्यालाही आसरा मिळतो. पर्यटनाचे उत्पन्न बंद झाले तर गावातल्या तरुणांना पावसाआधीच्या कोरड्या दिवसांत मजुरीसाठी नारायणगावची वाट धरावी लागेल, आणि रात्री झाडाखाली येणाऱ्या गाड्यांना थांबवायला गावात कोणीही उरणार नाही. गाड्या मात्र येतच राहतील, कारण भंडारदरा धरणापर्यंतचा रस्ता कोणाच्या मालकीचा नाही.

त्यामुळे नियम तुमच्या ग्रामसभेने करावेत आणि ते वन विभागाच्या नियमांहून कडक असावेत, असे मी सुचवीन. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झाले आणि तेथे वन्यजीव विभागाचा अधिकार चालतो, हे खरे. पण २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेलाही वन, वन्यजीव आणि जैवविविधता जपण्याचा अधिकार दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने सामूहिक वनहक्क मिळवून जंगल कसे सांभाळले, हे तुमच्या ग्रामसभेने एकदा जाऊन पाहावे.

नियम कोणते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळेल, तरी काही सुचवतो. गाडी गावकुसाबाहेर थांबवावी आणि तेथून पुढे गावच्या वाटाड्यासोबत पायी जावे. उजेड हवाच असेल तर बॅटरीला लाल कागद लावून तो पायाशी ठेवावा, कारण तांबड्या प्रकाशाचा काजव्यांना त्रास कमी होतो. पाऊलवाट सोडू नये. एका रात्री किती पाहुणे, हे गावातल्या घरांत झोपायची सोय किती जणांची आहे त्यावरून ठरवावे. गाड्या किती आल्या त्यावरून ते ठरू नये. शिवाय गावातली काही चांगली झाडे कोणालाच न दाखवता पूर्ण हंगामभर अंधारात ठेवावीत. पाहुणा ज्या झाडापर्यंत कधीच पोहोचत नाही, तेथे पुढच्या वर्षीचे काजवे निर्धास्त तयार होतील.

शहरातून बस भरून आणणाऱ्या, जेवण सोबत घेऊन येणाऱ्या आणि रात्री दोन वाजता परतणाऱ्या सहलींविषयी मला खरोखर संताप येतो. त्यांच्याकडून गावाला कचऱ्याखेरीज काहीही मिळत नाही. जो गावात मुक्काम करील त्यालाच वाटाड्या मिळेल, एवढा एक ठराव ग्रामसभेने केला तरी अशा सहली बऱ्याच कमी होतील. दर वाढवायला संकोच करू नका. कमी पाहुण्यांकडून जास्त पैसे घेणे यात काहीही गैर नाही.

प्रश्न : आमचे गाव पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या यादीत आहे. अधिसूचना अंतिम झाली की घर दुरुस्त करता येणार नाही, पाहुण्यांसाठी दोन खोल्याही बांधता येणार नाहीत, असे गावात सांगितले जाते. हे खरे का?
— एक वाचक, पाटण तालुका, सातारा जिल्हा

उत्तर : नाही. केंद्र सरकारने ३१ जुलै २०२४ रोजी काढलेल्या या अधिसूचनेच्या मसुद्यात सहा राज्यांतले सुमारे ५६,८०० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, त्यांपैकी सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर महाराष्ट्रात येते. त्यात मनाई आहे ती खाणकाम, दगडखाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक वीजप्रकल्प, अति प्रदूषण करणारे नवे उद्योग आणि फार मोठी बांधकामे यांना. बांधकामाची मर्यादा २०,००० चौरस मीटरची आहे, म्हणजे दोन खोल्यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. राहत्या घराची दुरुस्तीही करता येते. भीती कोण पसरवतो आणि दगडखाण कोणाची आहे, हे दोन प्रश्न गावाने एकत्र विचारून पाहावेत.

यापूर्वी महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरण-संवेदनशील ठरले. दोन्ही ठिकाणचा पर्यटनाचा व्यवसाय बुडाला नाही. माथेरानला तर दस्तुरी नाक्यापलीकडे खासगी मोटारी जात नाहीत, हेच तेथे जाण्याचे मुख्य आकर्षण आहे. माथेरानने दुसरीही एक गोष्ट दाखवून दिली. मोटारबंदीमुळे तांबड्या मातीच्या चढावर माणसाने माणसाला ओढून न्यायच्या हातरिक्षा वर्षानुवर्षे चालू राहिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानवी ठरवून ती थांबवण्याचा आणि रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षांद्वारे उपजीविका देण्याचा आदेश दिला. हा निर्णय फार उशिरा आला. निसर्ग जपण्याचा भार गावातल्या सर्वांत गरीब माणसाच्या पाठीवर टाकणारी व्यवस्था लोक मनापासून स्वीकारत नाहीत, आणि तुमच्या गावात जो विरोध दिसतो त्यामागे असे अनुभवही असतात. म्हणून मसुद्याची मराठी प्रत ग्रामसभेत वाचून घ्यावी आणि हरकती लेखी नोंदवाव्यात. पश्चिम घाटाविषयी नेमलेल्या, माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ च्या अहवालात हाच आग्रह धरला होता, की निर्णय ग्रामसभांशी बोलून व्हावेत.

प्रश्न : पर्यटनामुळे निसर्गाचे नुकसान झाल्याचीच उदाहरणे वाचायला मिळतात. पर्यटनामुळे एखादा प्राणी वाचला, असे मुलांना सांगता येईल का?
— एक शिक्षिका, दापोली

उत्तर : आपल्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातलेच उदाहरण आहे. नाना फडणवीसांचे गाव म्हणून माहीत असलेल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या हिवाळ्यात रात्री येऊन वाळूत अंडी घालतात. एका घरट्यात साधारण शंभर ते दीडशे अंडी असतात. ती माणसे काढून नेत, उरलेली कोल्हे-कुत्री उकरून खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ पासून येथे काम सुरू केले. गावातल्या माणसांनीच पहाटे किनारा चालून घरटी शोधायची, अंडी कुंपणातल्या वाळूत तशाच खोलीवर पुन्हा पुरायची आणि सुमारे पन्नास दिवसांनी बाहेर आलेली पिल्ले समुद्राकडे सोडायची, अशी ती पद्धत होती.

संवर्धन आधी सुरू झाले आणि कासव महोत्सव २००६ मध्ये त्यानंतर आला, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. पिल्ले पाहायला येणाऱ्यांची सोय गावातल्या घरांतच झाली. जेवायला मोदक आणि सोलकढी वाढणाऱ्या घरांना कासवाचे अंडे वाळूत राहण्याचे मोल कळले आणि किनाऱ्यावर मोठे हॉटेल उभे राहण्याची गरज भासली नाही. पुढे आंजर्ले आणि इतर गावांनीही हे काम उचलले. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या ‘प्रथमा’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवून तिचा समुद्रातला माग काढण्यात आला.

तेथेही कुरबुरी आहेतच. दोन दिवसांच्या रजेवर आलेल्या पाहुण्याला पिल्लू दिसलेच पाहिजे असे वाटते, आणि पिल्ले कोणाच्या रजेप्रमाणे बाहेर येत नाहीत. कधी सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर थांबूनही काहीच दिसत नाही. अशा वेळी पिल्ले पाहुण्यांसाठी टोपलीखाली राखून ठेवण्याचा मोह टाळणे हीच तेथल्या कार्यकर्त्यांची खरी कसोटी असते. बाहेर आलेल्या पिल्लाची ताकद पहिल्या काही तासांत समुद्रात दूर पोहण्यासाठी खर्च व्हायची असते. त्याने वाळूवरून पाण्यापर्यंतचे अंतर स्वतः चालून जायचे असते आणि म्हणूनच प्रेक्षकांना दोरीमागे उभे करतात. मुलांना घेऊन जाणार असाल तर पिल्ले दिसण्याचे आश्वासन न देता न्या. पहाटे घरटे शोधणाऱ्यांसोबत किनारा चालला आणि मादीच्या वाळूतल्या खुणा पाहिल्या, तरी फेरी सार्थकी लागेल.

प्रश्न : एका किल्ल्याच्या उतारावर मला कंदीलपुष्प सापडले. छायाचित्र समाजमाध्यमावर टाकायचे आहे. जागा लिहावी का?
— एक गिर्यारोहक वाचक, नाशिक

उत्तर : कृपा करून लिहू नका. कंदिलाच्या आकाराची फुले येणाऱ्या या वनस्पतीच्या अनेक जाती केवळ सह्याद्रीत आढळतात आणि काहींचा वावर दोन-चार डोंगरांपुरताच आहे. त्यांचे कंद खाण्यासाठी उकरले जातात. आता त्यात घरच्या कुंडीसाठी रोप उपटणाऱ्या हौशी मंडळींची आणि छायाचित्रासाठी भोवतालचे गवत कापून जागा मोकळी करणाऱ्यांची भर पडली आहे. गवत कापले की नाजूक वेलाचा आधार जातो आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाला तेथे पोहोचायची वाट तयार मिळते. मोबाईलने काढलेल्या छायाचित्रात ठिकाणाची नोंद आपोआप साठवली जाऊ शकते, त्यामुळे पाठवण्यापूर्वी ती सोय बंद केल्याची खात्री करा. ओळखीच्या गटावर टाकलेले छायाचित्रही चार दिवसांत सगळीकडे फिरते, हे लक्षात असू द्या.

आपली नोंद मात्र वाया जाऊ देऊ नका. फूल, पाने आणि आजूबाजूचा परिसर यांची छायाचित्रे, तारीख आणि नेमकी जागा एवढी माहिती भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुण्यातील कार्यालयाकडे किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्र विभागाकडे पाठवा. या विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पाच्या अनेक जाती वाढवून जपल्या आहेत. रोप किंवा कंद सोबत पाठवण्याची गरज नाही, छायाचित्रे पुरेशी आहेत.